सॅक्सन राहिले

रुमाल काढायला त्यानं कोटाच्या खिशात हात घातला आणि बोटांना फासा लागला. आलेली शिंक जिथल्या तिथे जिरली. टेबलाच्या त्या टोकाला, पुठ्ठ्याच्या आडोशामागे, मास्तर पितळी पेला खुळखुळवत होते. आतून चांगला खणखणीत आवाज येत होता. मग पेला पालथा पडला, मास्तरांनी मान वाकवून पाहिलं, जरा वेळ घेतला आणि मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात जाहीर केलं, ‘सॅक्सन राहिले.’ समोरच्या चष्मेवाल्यानं कपाळावर हात मारून घेतला. ‘च्यायला! काय नशीब आहे रे तुझं, सम्राट!’ आणि सम्राट, म्हणजे कवळ्या बनवणारा एक पन्नाशीचा माणूस, खिशात हात घालून तसाच उभा राहिला. कारण सॅक्सनांचा फासा त्याच्या मुठीत होता.

चष्म्याच्या दुकानाचा हा माळा. रविवारी खाली शटर अर्धं ओढलेलं असायचं आणि वर हे तिघं. भिंतीवर मोठ्यापासून बारीक होत गेलेल्या अक्षरांचा पिवळा पडलेला तक्ता, कोपऱ्यात जुन्या फ्रेमांची खोकी आणि मधोमध टेबल-टेनिसचं टेबल, ज्यावर टेबल-टेनिस कुणी कधीच खेळलं नव्हतं. त्यावर हिरवं कापड पसरलेलं, कापडाखाली पुस्तकं सारून केलेल्या टेकड्या, चष्म्यांच्या डब्यांवर लाल कौलं रंगवून केलेली गावं, आणि पश्चिमेच्या कडेला निळी नदी आणि तिच्यावर एकच पूल. नदी त्यानं दातांचे साचे ओततात त्या प्लास्टरची केली होती, पूल कवळीच्या तारेचा. वर्षातून एकदा इथे लाइपझिग व्हायचं. दोनशे वर्षांपूर्वी नेपोलियन तिथे हरला होता. सगळीकडून शत्रू चालून आलेला, आणि परतायला मागे एक पूल. ती लढाई इथे पुन्हा पहिल्यापासून लढायची, नखाएवढ्या शिशाच्या रंगवलेल्या शिपायांनी, पट्टीनं अंतर मोजून आणि फासे टाकून. नेपोलियन कायम तो, शत्रू कायम चष्मेवाला, आणि भूगोल शिकवून निवृत्त झालेले मास्तर पंच. घरी हे कुणाला कधी पटलं नाही. बायको म्हणायची, ‘पुरुषांचा भातुकलीचा खेळ, दुसरं काय!’ तो म्हणायचा, ‘अगं, इतिहास आहे तो.’ ‘मग एकदा झाला ना? पुन्हा कशाला?’ खरं तर तो खेळायचा तो ह्याच एका गोष्टीसाठी. एकदा घडून गेलेलं पुन्हा मांडायचं, आणि काय सांगावं, या खेपेला वेगळं घडेल.

आता सॅक्सन म्हणजे कोण ते सांगायला हवं, नाहीतर एवढ्याशा फाशानं माणूस असा पांढराफटक का पडावा हे कळायचं नाही. सॅक्सन हे नेपोलियनच्या बाजूनं लढणारे जर्मन. दोस्त. पांढऱ्या कोटांचे, शिस्तीचे. लाइपझिगला ऐन लढाईत ते रांगेतून बाहेर पडले आणि सरळ शत्रूला जाऊन मिळाले. असं सांगतात की ते पुढे निघाले तेव्हा शेजारच्या फ्रेंच घोडेस्वारांना वाटलं, हे हल्ल्यालाच चाललेत, आणि त्यांनी त्यांना पाहून जयजयकार केला. मग सॅक्सनांच्या तोफा मागे वळल्या. तर या टेबलावरही ते वळू शकत. नियम त्यानंच सुचवलेला होता. दुपारनंतर दर फेरीला पंचांनी आडोशामागे एक फासा टाकायचा. एक किंवा दोन पडले की सॅक्सन गेले. आडोसा यासाठी, की आपल्या दोस्ताच्या मनात काय चाललंय हे सम्राटाला कधी दिसत नसतं. त्या एका कामासाठी फासासुद्धा त्यानं वेगळा केला होता. कवळीच्या हिरड्या करतात त्या गुलाबी अॅक्रिलिकचा, आणि ठिपके दाताच्या पांढऱ्याचे. चष्मेवाल्यानं तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हणाला होता, ‘अरे, हा चावेल मला!’ दुसऱ्या कुठल्याही फाशानं सॅक्सनांचं नशीब ठरवायचं नाही, असा मग या खोलीचा रिवाजच पडून गेला. गेल्या वर्षी एका ठिपक्याचा टवका उडालेला दिसला म्हणून लढाई संपल्यावर त्यानं फासा मास्तरांजवळच्या त्याच्या डबीतून काढून घरी नेला. ठिपका भरला, घासला, चकाकी आणली आणि विसरू नये म्हणून या कोटाच्या खिशात टाकला. कोट असा, की लढाईच्या दिवसाखेरीज तो अंगावर चढत नसे. फासा वर्षभर कपाटात टांगलेला राहिला आणि तो त्याला साफ विसरून गेला.

दुसरा घेतला असेल, तो स्वतःशी म्हणाला. डबी उघडली, रिकामी दिसली, म्हातारा माणूस, कुठे बोभाटा करा, घेतला साधा फासा आणि टाकला. त्यात काय एवढं? त्यानं रुमाल काढलाच नाही, बाहीला नाक पुसलं आणि पट्टी उचलून उजव्या फळीवरची एक तुकडी टेकडीवर चढवली. मग सहज विचारावं तसं विचारलं, ‘मास्तर, गुलाबीच टाकताय ना? त्याचा ठिपका भरून आणला होता. नीट दिसतोय?’ आडोशामागे पेला टेबलावर टेकल्याचा आवाज आला. मग मास्तर म्हणाले, ‘गुलाबी नाहीतर कुठला टाकणार? छान दिसतोय. तू केलेलं काम, त्यात काय बघायचं!’ चाळीस वर्षं पोरांना नद्या आणि राजधान्या शिकवलेला हा माणूस, नकाशात गाव केसभर सरकलं तरी जेवण न जाणारा, आणि इतक्या सहज, इतक्या मायेनं खोटं बोलला. खिशातल्या फाशाचे कोपरे तळव्यात रुततील इतकी घट्ट त्यानं मूठ आवळली.

टेबलाच्या डाव्या अंगाला, पूर्वेकडच्या गावाबाहेर, सॅक्सन उभे होते. पांढरे कोट त्यानं स्वतः रंगवलेले, पण ते नुसते पांढरे नव्हते. नुसता पांढरा मेलेला दिसतो, हे त्याला धाकट्या भावानं शिकवलं होतं. त्यात चिमूटभर पिवळा हवा, थेंबभर राखाडी, कडेला जरा निळसर झाक. दाताचं तसंच असतं. दाताचा रंग ओळखावा तर धाकट्यानं. पेशंट तोंड उघडून बसला की हा खिडकीपाशी नेऊन नुसता बघायचा आणि म्हणायचा, ‘दादा, ह्या माणसाला सिगारेट सोडून दोन वर्षं झालीत,’ आणि तसा रंग मिसळायचा. साचे, तारा, बसवणूक थोरल्याची आणि रंग धाकट्याचा, अशी दोघांची लॅब. या टेबलावरही तो डावीकडे बसायचा, थोरल्याच्या शेजारी. सॅक्सन त्याच्या ताब्यात. फासा उलटा पडला, की खुर्चीवरून उठून, टेबलाला वळसा घालून, पलीकडे चष्मेवाल्याच्या बाजूला जाऊन बसायचं आणि उरलेली लढाई तिकडून लढायची, असा नियम. तो उठायचा तेव्हा हसत उठायचा. ‘माफ कर हं दादा, फाशानं सांगितलं!’ आणि थोरला म्हणायचा, ‘जा, जा, गद्दारा, जेवायला घरीच येशील ना!’ आणि चौघंही पोट धरून हसायचे. हसायचे म्हणजे काय, त्या वेळी त्यात हसण्यासारखंच होतं.

मग अडीच वर्षांपूर्वी एका सकाळी लॅबचं कुलूप काढलं तर धाकट्याचं स्टूल टेबलाखाली सरकवलेलं, आणि खिळ्यावरची दातांच्या छटांची पट्टी नाही. आजारी असेल म्हणून यानं फोन केला. उचलला नाही. नंतर एका दवाखान्यातून काम आलं नाही, मग दुसऱ्यातून आलं नाही, आणि शेवटी दातांची मापं पोचवणारा माणूस दारात उभा राहून, चप्पल न काढता, नजर चुकवत म्हणाला, ‘साहेब, तुमच्या भावाचं नवीन दुकान लागलंय ना चौकाच्या पलीकडे, आमचे डॉक्टर आता तिकडे देणार. तुम्हाला ठाऊक असेल.’ त्याला ठाऊक नव्हतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि त्याला नव्हतं. पण सलणारी गोष्ट ती नव्हती. सलणारी गोष्ट आदल्या आठवड्यातली. धाकटा रोज संध्याकाळी उशिरापर्यंत थांबत होता, कपाटातले जुने साचे काढून त्यांच्या नकला ओतत होता. हे बघून हा आपला भारावलेला. काय पोरगं राबतंय, स्वतःहून जुनं सगळं नीट लावून ठेवतंय! एकदा तर स्वतः चहा करून त्याच्यापुढे नेऊन ठेवला, पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, ‘शाब्बास! तू आहेस म्हणून लॅब आहे बघ.’ धाकट्यानं वर पाहिलं नाही. चहा मात्र प्यायला. ते साचे त्याच्या नव्या दुकानासाठी होते. पुढे निघालेल्या सॅक्सनांचा जयजयकार करणारे ते घोडेस्वार, त्यांच्याइतकंच वेड्यासारखं आपण ओरडलो, हे त्याला अजूनही अधूनमधून आठवायचं, दात घासताना, बसची वाट बघताना, कुणाच्या तरी हिरडीला मेण लावताना, आणि अंगाला घाम फुटायचा. भाऊ गेला याचं दुःख होतंच, पण आपण त्याला शाब्बास म्हटलं याची लाज त्याहून मोठी होती. ती त्यानं कुणाला बोलून दाखवली नाही.

त्यानंतर काही महिने तो कुणाशी धड बोलतच नव्हता. बायको ताट पुढे ठेवायची, तो खायचा. उचलायची, तो उठायचा. त्या वर्षी लाइपझिगला जायचं त्याच्या जिवावर आलं होतं. चष्मेवाला येऊन अक्षरशः ओढून घेऊन गेला. डावीकडची खुर्ची रिकामी होती; सॅक्सन त्यानं स्वतःच हलवले. दुपार झाली, मास्तरांनी पेला हलवला, आणि त्यानं मनाची तयारी केली. जातील. जाणारच. या जन्मात मला सोडून जाण्याचं कंत्राटच दिलंय सगळ्यांना. ‘सॅक्सन राहिले.’ पुढच्या फेरीला पुन्हा, राहिले. त्याच्या पुढच्या फेरीला पुन्हा. खिडकीतलं ऊन टेबलावरून उतरलं तरी ते पांढरे कोट आपल्या जागी उभे होते, त्याच्या बाजूनं गोळ्या झाडत होते, आणि त्याचे डोळे भरून आले होते. शिशाच्या बाहुल्यांसाठी! घरी गेल्यावर बायकोनं विचारलं, ‘काय, राहिले का?’ आणि तो कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा आपणहून बोलला, अगदी भडाभडा बोलला. ती हातातलं काम टाकून ऐकत बसली. गेल्या वर्षीही राहिले. हिशेब त्याला येत नव्हता असं नाही. दर फेरीला एक नाही, दोन नाही, असं संध्याकाळपर्यंत, आणि तेही लागोपाठच्या वर्षी, हे कुणाच्या नशिबात एवढं सहजासहजी नसतं. पण पदरात काही पडत असतं तेव्हा माणूस हिशेब मांडत नाही. त्याला वाटलं, कुठेतरी काहीतरी फिरलंय. कुणीतरी वरून म्हणतंय, पुरे झालं याचं.

आणि म्हणून आजचा हा खेळ नुसता खेळ नव्हता. आठवड्यापूर्वी धाकट्याचा फोन आला होता. इतक्या दिवसांनी त्याचा आवाज ऐकून याला आधी कोण बोलतंय तेच कळेना. ‘दादा, मी परत येऊ का? एकट्यानं नाही जमत मला. सगळं आहे, पण हात चालत नाही.’ याला खूप काही बोलायचं होतं. दोन वर्षं आरशासमोर पाठ केलेली वाक्यं होती. तो एवढंच म्हणाला, ‘रविवारी लढाई आहे. संध्याकाळी माळ्यावर ये. काय ते तिथे सांगतो.’ फोन ठेवतानाच त्याचं ठरलं होतं. सॅक्सन आजही राहिले, तर धाकट्याला परत घ्यायचं. गेले, तर नाही. वेडेपणा आहे हे त्याला कळत होतं. पण डोकं कौल देत नव्हतं, काळीज कौल देत नव्हतं, मग फाशानं दिला तर काय बिघडलं? निदान फासा कुणाची बाजू घेत नाही, असं त्याला वाटलं होतं. सकाळी कोट चढवताना बायको दारात येऊन कॉलर नीट करत म्हणाली होती, ‘आजही राहतील बघा.’ तेव्हा तिच्या तोंडून हे ऐकून त्याला किती बरं वाटलं होतं! आता या उभ्या जागी त्याला ते वाक्य पुन्हा ऐकू आलं, आणि ते वेगळंच ऐकू आलं. तिला भातुकली वाटणाऱ्या खेळात काय होणार हे ती इतक्या खात्रीनं कसं सांगत होती? म्हणजे तीसुद्धा. घरात, एका ताटाशेजारच्या दुसऱ्या ताटावर बसून, तीसुद्धा.

‘सम्राट, तुझी पाळी. झोपलास काय?’ चष्मेवाला म्हणाला. त्यानं टेबलाकडे पाहिलं, आणि पाहता पाहता एकेक गोष्ट त्याच्या डोळ्यात भरू लागली. चष्मेवाल्याचे घोडेस्वार टेकडीमागे उभे होते. त्यांच्यापुढे मोकळी वाट, वाटेच्या टोकाला त्याच्या तोफा, तोफांजवळ राखायला कुणी नाही. कुठलाही शेंबडा पोरगासुद्धा हल्ला करील. आणि चष्मेवाला, ज्याला दुसऱ्याची चूक पट्टीनं मोजून दाखवल्याशिवाय घास गोड लागत नाही, तो दाढी खाजवत म्हणत होता, ‘मी यांना जरा थांबवतो. घोडे दमलेत.’ शिशाचे घोडे! गेल्या वर्षीही ते दमलेच होते. म्हणजे लढाईसुद्धा नाही. सॅक्सनच नाही, सगळंच. दोन वर्षं त्यानं जिंकलेली प्रत्येक टेकडी, प्रत्येक गाव, घरी जाऊन बायकोला हातवारे करून सांगितलेली प्रत्येक चाल ही यांनी त्याच्या झोळीत टाकलेली भीक होती. वाढदिवसाला लहान मुलाला मुद्दाम हरून दाखवतात तसं. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. भावानं पाठ फिरवली तेव्हा निदान आपण त्याला शत्रू म्हणू शकलो. यांना काय म्हणायचं? हे प्रेमानं करत होते. प्रेमानं केलेल्या या फसवणुकीला ओरडून शिव्यासुद्धा देता येईनात, आणि त्यामुळे ती जास्तच झोंबत होती. मास्तरांनी पेला उचलला. पुढची फेरी.

‘थांबा,’ तो म्हणाला. त्यानं खिशातून मूठ काढली आणि हिरव्या कापडावर, सॅक्सनांच्या रांगेपुढे, गुलाबी फासा ठेवला. खालच्या रस्त्यावरून एक टेम्पो गेला आणि तक्त्यावरची अक्षरं थरथरली. मास्तरांच्या हातात पेला तसाच अधांतरी. तो चालत टेबलाच्या त्या टोकाला गेला, आडोसा उचलून बाजूला ठेवला, आणि मास्तरांच्या हातातून पेला घेऊन तळव्यावर पालथा केला. पितळेचं एक बटण पडलं. कोटाचं, जुनं, चार भोकांचं. ‘बटण,’ तो म्हणाला. ‘दोन वर्षं मी एका बटणाच्या मेहेरबानीवर जगतोय होय?’ चष्मेवाला उठला. ‘अरे, ऐकून तर घे...’ ‘तू बस! तुझे घोडे दमलेत!’ त्याचा आवाज फाटला. ‘डबी उघडायचीसुद्धा तसदी घेतली नाहीत, मास्तर. उघडली असतीत तर कळलं असतं, आत फासा नाही म्हणून. मी विचारलं तर माझ्या तोंडावर म्हणालात, छान दिसतोय.’ मास्तर खाली बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते, आपल्याच वर्गात उभं केल्यासारखे. ‘चुकलं,’ ते म्हणाले. ‘पण तू त्या वेळी कसा होतास, तुला नाही माहीत. आम्ही बघत होतो. तुझी बायको इथे या जिन्यावर बसून रडलीय. त्यात टेबलावरही तुला कुणी सोडून गेलं असतं तर...’ ‘तर काय? मेलो असतो? शिशाच्या बाहुल्यांनी?’ ‘मला नाही माहीत,’ मास्तर म्हणाले. ‘तशी जोखीम घ्यायचा धीर झाला नाही माझा.’

‘कुणाच्या डोक्यातून निघालं हे? हिच्या?’ मास्तरांनी चष्मेवाल्याकडे पाहिलं. चष्मेवाल्यानं खांदे पाडले, आता सांगून टाका असे. ‘तुझा धाकटा आला होता माझ्याकडे,’ मास्तर म्हणाले. ‘तो गेला त्याच वर्षी, लाइपझिगच्या आधी. दारातच उभा राहिला, आत यायला तयार नाही. म्हणाला, मी जे केलं ते केलं, ते आता परत फिरवता येत नाही. पण टेबलावर तरी सॅक्सन फिरवू नका, मास्तर. दादाला ते बघवणार नाही. मग तुझ्या बायकोला आणि याला मीच सांगितलं. हे बटण त्याच्याच कोटाचं. म्हणाला, फासा नका टाकू, फाशाचा भरवसा नाही, हे हलवा.’ तो ऐकत होता. तळव्यावर बटण होतं. त्याला वाटलं होतं, आता यापुढे काही नवं ऐकायला मिळणार नाही, तळ लागला. आणि तळाच्या खाली पुन्हा तो. ज्यानं सोडलं त्यानंच, न सोडल्याचं हे सोंगही त्याच्यासाठी शिवून ठेवलं होतं. लॅबमधला विश्वास एका हातानं काढून घेतला आणि दुसऱ्या हातानं हा खोटा आणून खिशात सारला, रंग अगदी बेमालूम जुळवून. रंग जुळवण्यात त्याचा हात कोण धरणार? आणि थोरला तो घालून मिरवत होता. कवळी घालून लोक हसतात तसा हसत होता, हे माझेच दात म्हणून. त्याला एकदम रडू कोसळेल असं वाटलं, आणि त्याच वेळी भावाची इतकी माया आली, की त्या मायेचाही त्याला राग आला. दारात उभा राहून रडणारा तो त्याला स्पष्ट दिसला. आत न येणारा. कोटाचं बटण तोडणारा. अरे, एवढं सगळं करण्यापेक्षा माझ्या दारात का नाही उभा राहिलास?

त्यानं बटण कोटाच्या खिशात टाकलं आणि टेबलाच्या डाव्या अंगाला आला. मग कुणाला काही न विचारता, फासा न टाकता, त्यानं सॅक्सनांची पहिली तुकडी दोन बोटांनी उचलली आणि वळवली. त्यांचे चेहरे आता त्याच्या बाजूला होते. मग दुसरी. मग तोफा. पांढरे कोट एकेक करून त्याच्याकडे तोंड करून उभे राहिले, आणि त्यांनी सोडलेल्या जागेतून त्याच्या रांगेत खिंडार पडलं, सरळ पुलापर्यंत. चष्मेवाला न राहवून म्हणाला, ‘अरे, काय करतोस? अशानं तू संपलास. पूल गेला तुझा.’ ‘दिसतंय मला,’ तो म्हणाला. ‘तू तुझे घोडे सोड. खरेखुरे सोड. नाही सोडलेस तर पुन्हा या माळ्यावर पाय ठेवणार नाही.’ चष्मेवाल्यानं त्याच्याकडे पाहिलं, मग पट्टी घेतली, आणि घोडेस्वार मोकळ्या वाटेवर आणले. खाली कुणीतरी शटर वाजवलं. हळू, दोनदा, ओळखीच्या हातानं.

धाकटा जिना चढून आला तो दाराशीच थांबला. केस बरेच पिकले होते. अंगात तोच जुना कोट, मधल्या बटणाच्या जागी दोऱ्याचे दोन धागे लोंबत होते. त्याची नजर टेबलावर गेली, वळलेल्या सॅक्सनांवर, बाजूला ठेवलेल्या आडोशावर, आणि त्याला सगळं कळलं. आत काय घडलंय हे त्याला कधी सांगावं लागलं नव्हतंच. ‘दादा...’ तो म्हणाला. सवयीनं तो डावीकडच्या खुर्चीकडे निघाला होता. ‘तिथे नको,’ थोरला म्हणाला. ‘पलीकडे जा. तुझे सॅक्सन तिकडे गेलेत.’ धाकट्याचा चेहरा कसनुसा झाला. ‘आणि लॅबचं?’ त्यानं अगदी खालच्या आवाजात विचारलं. ‘लॅबमध्ये तुला घेणार नाही,’ थोरला म्हणाला. ‘शेजारी नाही बसवू शकत मी तुला. होणार नाही माझ्यानं. पण समोर बस. दर वर्षी ये आणि समोर बस, मला दिसशील असा.’ धाकटा उभा राहिला. वाटलं, जातो आता परत. मग त्यानं टेबलाला वळसा घातला, पूर्वी घालायचा तसाच, अक्षरांच्या तक्त्याखालून, फ्रेमांच्या खोक्यांना धक्का न लावता, फक्त हसत नव्हता. चष्मेवाल्यानं सरकून जागा केली.

थोरल्यानं गुलाबी फासा कापडावरून ढकलत त्याच्यापुढे नेला. ‘तोफा तुझ्या. टाक.’ धाकट्यानं फासा उचलला, बोटांत फिरवला. भरलेल्या ठिपक्यावर त्याचा अंगठा क्षणभर थांबला. रंग जरासा चुकला होता, इतरांपेक्षा पांढरा झाला होता, आणि हे त्या खोलीत त्या दोघांनाच दिसलं. ‘पेला नको?’ मास्तर म्हणाले. धाकट्यानं हातानंच टाकला, उघड्यावर, सगळ्यांदेखत. फासा गावाच्या कौलावर आपटला, नदीपर्यंत घरंगळला आणि पुलापाशी थांबला. सहा. सहा म्हणजे थोरल्याची डावी फळी साफ उडाली. धाकट्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. ‘दादा, पुन्हा टाकू?’ ‘नाही,’ तो म्हणाला. त्यानं वाकून आपली डावीकडची माणसं एकेक करून टेबलावरून उचलली, खोक्यात आडवी ठेवली, आणि पट्टी भावाकडे सरकवली. ‘पुलापर्यंत मोज. नीट मोज.’